घरफोडीत शिक्षा लागली? मग मुळीच घाई करू नका

निकालाला सात महिने उलटून गेलेली एक फाईल गेल्या आठवड्यात टेबलावर आली. पिशवीत निकालाची नक्कल नाही, साक्षींचे कागद नाहीत, दंड भरल्याची पावती नाही. सोबतच्या चार माणसांचा प्रश्न मात्र तयार होता : "साहेब, सणाच्या आत सुटेल ना?" एवढी श्रद्धा पाहून गहिवरून आलं. घरातल्या कुणाला घरफोडीत शिक्षा झाली असेल आणि ती त्याने एकही दिवस वाया न घालवता पुरेपूर भोगावी अशी तुमची मनापासून इच्छा असेल, तर पुढच्या सूचना खास तुमच्यासाठी आहेत. सगळ्या पाळायची गरज नाही. एखादी पाळली तरी काम होतं.

निकालाच्या दिवशी हात हलवत जा. घरफोडीचा खटला, म्हणजे दंड संहितेचं ४५७ (रात्रीची घरफोडी) किंवा ४५४ (दिवसाची) आणि जोडीला ३८० म्हणजे घरातली चोरी (गुन्हा १ जुलै २०२४ पासून पुढचा असेल तर न्याय संहितेचं ३३१ आणि ३०५), बहुतेक वेळा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. कलमात कमाल शिक्षा चौदा वर्षं लिहिलेली असली तरी त्या कोर्टाला एका गुन्ह्याला तीन वर्षांच्या वर कैद देता येत नाही. आता गंमत अशी, की आरोपी खटल्यात जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर "आम्हाला अपील करायचं आहे" असा अर्ज त्याच कोर्टात त्याच दिवशी देता येतो आणि खास कारण नसेल तर कोर्ट अपील दाखल करण्यापुरता जामीन देतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३८९(३), आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४३०. पण त्यासाठी अर्ज टाइप करून न्यावा लागतो. ताजा सातबारा किंवा पगारपत्रक, ओळखपत्र आणि फोटो घेऊन जामीनदार सकाळपासून कोर्टाच्या व्हरांड्यात उभा लागतो. दंडाची रक्कम खिशात लागते. एवढी यातायात कशाला? "निर्दोषच सुटणार आहे, अपशकुनी बोलू नका" म्हणा आणि नारळ घेऊन जा. दुपारी शिक्षा ऐकली की मग जामीनदाराला फोन लावा. तो पेट्रोल पंपावर असतो, "निघालोच" म्हणतो. कोर्ट उठतं, पोलीस गाडी निघते, आणि तुमचा माणूस पहिली रात्र आत काढतो ती केवळ एका सातबाऱ्यापायी.

आणि नशिबाने हा जामीन मिळालाच, तर तो अपिलाची मुदत संपेपर्यंतचा आहे हे विसरून जा. वरच्या कोर्टातून शिक्षेला स्थगिती आणायची असते वगैरे फालतू चौकश्या करू नका. वॉरंट घरपोच येतं.

दंड भरू नका. दंड न भरल्यास आणखी दोन-तीन महिने कैद असं निकालात स्पष्ट लिहिलेलं असतं, पण तो भाग शेवटच्या पानावर असतो आणि शेवटचं पान कोण वाचतं?

निकालाची प्रत जपून ठेवा, शक्यतो कुणालाही सापडणार नाही अशी. कैदेची शिक्षा सुनावली की आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि फुकट द्यायची असते. ती त्याच्या हातात पडते, तो ती घडी करून खिशात घालतो, कारागृहाच्या दारात झडती होते आणि मग ती प्रत कुठल्या तरी कपाटात जाऊन बसते. घरच्यांनी भेटीला गेल्यावर "कागद कुठाय रे?" असं विचारू नये. तब्येत विचारावी, शेजारच्याचं लग्न जमलं ते सांगावं.

मुदतीचा हिशेब मनातल्या मनात करा. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील करायला तीस दिवस. सत्र न्यायालयानेच शिक्षा दिली असेल तर उच्च न्यायालयात साठ दिवस. मुदत अधिनियमाच्या बाराव्या कलमाप्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला वेळ यातून वगळतात. हे वाक्य अर्धवट ऐकलेल्यांनी आजवर जेवढं नुकसान केलंय तेवढं सरकारी वकिलांनी केलं नसेल. "नक्कल मिळेपर्यंत मुदत सुरूच होत नाही" असं छातीठोक सांगणारा एक जण प्रत्येक घरात असतो, त्याचंच ऐका. प्रत्यक्षात वगळला जातो तो नकलेचा अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचा वेळ. अर्ज देण्याआधी तुम्ही घरी बसलात ते दिवस मोजले जातात. नक्कल तयार होऊन विभागात पडून राहिली आणि तुम्ही आणायला गेला नाहीत, तेही दिवस मोजले जातात. नकलेच्या मागच्या शिक्क्यावर अर्जाची तारीख, तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख अशा तिन्ही तारखा असतात. त्यांच्याकडे बघू नका, नाहीतर उगाच कळायला लागेल.

मुदत गेली तर काय बिघडतं, उशीर माफीचा अर्ज आहेच की. मुदत अधिनियमाचं कलम ५. देतात माफी, बऱ्याचदा देतात. फक्त त्याचं असं आहे : आधी तो अर्ज स्वतंत्र नंबरावर नोंदतो, सरकार पक्षाला नोटीस निघते, सरकारी वकील 'से', म्हणजे लेखी म्हणणं, द्यायला तारीख घेतात, मग पुढची तारीख, मग युक्तिवाद. तोवर मूळ अपिलाला नंबर पडत नाही आणि नंबर नाही म्हणून शिक्षा स्थगितीचा अर्जही पुढे सरकत नाही. वर्षभराची शिक्षा असलेला माणूस या काळात निम्मी शिक्षा भोगून मोकळा होतो. उशिराचं कारण म्हणून "वकिलांनी सांगितलं नाही" एवढं एका ओळीत लिहा. तारखा लिहू नका, कारागृहाचा दाखला जोडू नका, नकलेच्या अर्जाची पोच तर अजिबात नको.

शिक्षा भोगत असलेल्या माणसाला कारागृहातूनच, तिथल्या अधिकाऱ्याच्या हाती अपील देता येतं, आणि ते अधिकारी पुढे कोर्टात पाठवतात. ही माहिती गुप्त ठेवा.

गुन्हा कबूल करायला लावा. हा सल्ला अंडरट्रायल, म्हणजे निकालाआधीच कच्च्या कैदेत असलेल्या गरिबाला बराकीतल्या अनुभवी मंडळींकडून फुकट मिळतो : "कबुली देऊन टाक, भोगली तेवढ्यावर सुटशील." कधी सुटतोही. पण कबुलीवर शिक्षा झाली की दोषी ठरवण्याविरुद्धचं अपील संपलं. उरतो तो फक्त शिक्षेच्या प्रमाणाचा आणि कायदेशीरपणाचा मुद्दा. त्यापुढची मेख अशी, की पुढच्या गुन्ह्यात ही जुनी शिक्षा हजर असते. तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या मालमत्तेच्या गुन्ह्यात एकदा शिक्षा झालेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात सापडला, तर दंड संहितेच्या ७५ने (आता न्याय संहितेचं १३) शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. शिवाय गावात कुठेही कडीकोयंडा तुटला की पोलिसांची गाडी आधी याच्या दारात. पण भोगली तेवढ्यावर सुटला ना? मग झालं.

"अपील केलं की शिक्षा वाढते" ही अफवा पसरवत राहा. आरोपीने केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही, त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं किंवा आरोपीला नोटीस काढून वेगळी कारवाई करावी लागते. पण खरं सांगून कुणाचं भलं झालंय?

आधीच्या वकिलाशी फीवरून भांडा आणि फाईल त्याच्याचकडे राहू द्या. फीपोटी वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. अपील ही वेगळी कार्यवाही असल्याने त्यात नवं वकीलपत्र चालतं. शिवाय साक्षीपुराव्याच्या नकला कोर्टातून काढता येतात. पण भांडणात जी मजा आहे ती नकलांत नाही.

आता अपिलाची कारणं. इथे वकील बंधूंनी लक्ष द्यावं, कारण हे कौशल्याचं काम आहे. संगणकावर एक जुना मेमो, म्हणजे अपिलाचा अर्ज, असतोच. चेक न वटल्याच्या केसमधला असला तरी हरकत नाही. पक्षकाराचं नाव बदला, निकालाची तारीख बदला. "विद्वान न्यायदंडाधिकाऱ्यांचा निकाल कायद्याला व वस्तुस्थितीला धरून नाही", "पुराव्याचे योग्य मूल्यमापन झालेले नाही", "पंच साक्षीदार विश्वासार्ह नाहीत", "सबब अपील मंजूर व्हावे". चार ओळी, सही, शिक्का. साक्षी वाचण्याच्या भानगडीत पडू नका, कारण वाचल्या तर पंचाईत होते. काय पंचाईत होते ते सांगतो.

घर बंद होतं, मंडळी चार दिवस बाहेरगावी गेली होती, परत आल्यावर कुलूप तुटलेलं दिसलं. फिर्यादीने साक्षीत हेच सांगितलेलं असतं. मग चोरी सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान झाली हे कुणी पाहिलं? रात्र सिद्ध झाली नाही तर ४५७ टिकत नाही, प्रकरण ४५४ वर येतं आणि चौदा वर्षांच्या जागी कमाल दहा होतात. शिक्षेच्या युक्तिवादाला याने फरक पडतो. एवढा साधा मुद्दा. फिर्यादीची साक्ष दोन पानांची असते. दोन पानं!

पुढे चला. फिर्यादीत पोत पंधरा ग्रॅमची, जप्तीत निघालेली अकरा ग्रॅमची. मधले चार ग्रॅम कुठे गेले हे तपासी अंमलदाराला उलटतपासात विचारलंय का? विचारलं नसेल तर नाही, पण निदान अपिलात तरी लिहा! सराफाकडून दागिना जप्त केला म्हणतात, मग तो सराफ साक्षीला का आला नाही? ओळखपरेडीत तो दागिना त्याच धाटणीच्या इतर दागिन्यांत मिसळून दाखवला, की पोलीस ठाण्यात टेबलावर एकटा ठेवून "हाच ना तुमचा?" विचारलं? मुद्देमालावर लाखेचं सील होतं का, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी होती का, मालखान्याच्या रजिस्टरला नोंद कोणत्या दिवशीची आहे? आणि रोख नोटा. नंबर नोंदलेले नसताना पाचशेच्या नोटा फिर्यादीने ओळखल्या कशाच्या आधारे, वासावरून?

निवेदन पंचनामा तर सोन्याची खाण आहे. आरोपीने पोलीस कोठडीत "मी अमुक घर फोडलं आणि दागिने नाल्याजवळ पुरलेत, चला दाखवतो" असं सांगितल्याचं त्यात असतं. यातलं फक्त जिनसा सापडायला कारण ठरलेलं वाक्य पुराव्यात चालतं, घर फोडल्याची कबुली चालत नाही. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सर्वांत वरच्या कोर्टाने, १९४६ साली पुलुकुरी कोट्टाया प्रकरणात हे सांगून ठेवलंय, आणि तरी निकालपत्रात कबुली सगळीच्या सगळी उतरलेली असते. तीन आरोपी असतील तर "आम्ही तिघांनी सांगितले" असं लिहिलेलं असतं. आधी कोण बोललं, कोणाच्या बोलण्यावरून जागा सापडली? तिघे काय समूहगान म्हणत होते? ती जागा उघडी, जाता-येता कुणालाही दिसणारी होती का? स्टेशन डायरीत पथक निघाल्याची वेळ कोणती? पंच हा त्याच पोलीस ठाण्याच्या आणखी किती पंचनाम्यांवर सही करून बसलाय? उलटतपासात तो "मी सही पोलीस ठाण्यात केली, नाल्यावर गेलो नाही" असं बोलून गेलेला असतो. शेवटच्या पानावर, शिरस्तेदाराच्या शिक्क्याच्या वर. त्या एका ओळीवर शिक्षा उलटू शकते आणि ती ओळ अपिलाच्या मेमोत नाही, युक्तिवादात नाही, कुठेच नाही!

थांबा, अजून आहे. जप्ती चोरीनंतर किती दिवसांनी झाली? चोरीचा माल लगोलग जवळ सापडला तर तो माणूस चोर किंवा चोरीचा माल घेणारा, असं गृहीत धरता येतं. 'लगोलग' आणि 'किंवा' हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. पाच महिन्यांनी सापडलेला हातोहात फिरणारा दागिना घरफोडी सिद्ध करत नाही. फार तर ४११, म्हणजे चोरीचा माल घेणं, होतं, तेही माल चोरीचा आहे हे माहीत होतं किंवा तसं मानायला कारण होतं असं दाखवलं तर. पर्यायी मुद्दा म्हणून हे एक वाक्य मेमोत टाकायला शाई किती लागते? सीसीटीव्हीचं चित्रण पेनड्राइव्हवर दिलंय आणि सोबत प्रमाणपत्र नाही. जुन्या पुरावा कायद्याचं ६५-ब, आता साक्ष अधिनियमाचं ६३. अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने मूळ उपकरण कोर्टात नसेल तर ते सक्तीचं असल्याचं पुन्हा ठासून सांगितलं. बोटांचे ठसे कपाटाच्या आतून उचलले, की रस्त्यावरून येणारा-जाणारा हात लावतो अशा शटरवरून? तज्ज्ञ साक्षीला आला का? आरोपीचा जबाब नोंदवताना, म्हणजे जुन्या प्रक्रिया संहितेच्या ३१३च्या (आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३५१) प्रश्नांत, ठशांचा प्रश्न विचारलाय का? जो पुरावा आरोपीपुढे ठेवलाच नाही त्यावर शिक्षा कशी टिकेल? आणि हे सगळं कुठून आणायचं? आभाळातून नाही. निशाणी एक, निशाणी दोन असे नंबर घालून सगळे कागद रेकॉर्डमध्ये शिवलेले आहेत. दोन तास बसून वाचायचे आहेत. दोन तास!

असो. शांत होतो.

स्थगितीचा अर्ज अपिलासोबत देऊ नका, निवांत द्या. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर अपील लांबून निरर्थक होऊ नये म्हणून स्थगितीचा विचार उदारपणे करावा असं सर्वोच्च न्यायालय १९९९ सालापासून म्हणतंय. पण मागितलीच नाही तर उदार व्हायचं कुणी आणि कुणावर?

४५७ आणि ३८० च्या शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक, हे निकालात शोधू नका. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे कोर्टाने 'एकत्र' असं लिहिलं नसेल तर त्या एकामागून एक धावतात. कच्च्या कैदेचे दिवस वजा केलेत का, तेही बघू नका. पहिलाच गुन्हा आणि कोवळं वय असेल तर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणाऱ्या परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा उल्लेखही टाळा.

जामीन झाला की तारखांना जाणं बंद करा. वकील नेमला म्हणजे आपलं काम संपलं. वकिलानेही पुकारा झाला की दुसऱ्या कोर्टात असावं. गैरहजेरीमुळे अपील फेटाळता येत नाही, गुणवत्तेवरच निर्णय द्यावा लागतो हे १९९६ पासून ठरलंय, त्यामुळे निर्धास्त राहा. कोर्ट रेकॉर्ड वाचून निकाल देईल. तुमच्या बाजूचा उलटतपास दाखवायला कुणी नसेल एवढंच.

आणि हे सगळं फसलं तर "हायकोर्ट आहेच". हे वाक्य व्हरांड्यात फिरणाऱ्या, ओळखी सांगणाऱ्या आणि पाकीट मागणाऱ्या दलालाच्या तोंडी फार शोभतं. सत्र न्यायालयाने अपील फेटाळल्यावर दुसरं अपील नसतं. पुनरीक्षण असतं, आणि त्यात साक्षीपुरावा नव्याने तोलून बघत नाहीत. पुराव्यावर भांडायची तुमची जागा सत्र न्यायालयच होती.

पुरे झालं आता. सरळ बोलतो. मंडळी, आठवडाभर भेटीला जाता, डबे पोचवता, बाबा-बुवांकडे जाता, दलालाच्या हातात हजारो रुपये ठेवता, आणि नक्कल विभागाच्या खिडकीवर एक अर्ज टाकायला तुम्हाला सात महिने लागतात? आतल्या माणसाला एक-एक दिवस केवढा असतो याची काही कल्पना? आणि वकील महाशय, तुम्हाला तर माहीत होतं! तीस दिवस तुम्हाला माहीत होते, पंचाने काय सांगितलं तेही तुम्हाला माहीत होतं, कारण तो उलटतपास तुम्हीच घेतला होता. चांगला घेतला होता. मग मेमोत चेकच्या केसची कारणं चिकटवताना हात कसा धजावला? फी कमी मिळाली म्हणून? मग घ्यायचं नव्हतं प्रकरण. नाही जमत म्हणायचं, दुसऱ्या कुणी वाचून लिहिलं असतं.

आणि पैसे नव्हते हे तर सांगूच नका. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या बाराव्या कलमात आहे, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. निकालाची प्रत वेळेत आणि फुकट मिळालीच पाहिजे, कैद्याची पोच घेऊन मिळाली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील दिला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली होसकोट प्रकरणात सांगितलं. ते प्रकरण महाराष्ट्रातलंच, आणि त्यातही तक्रार हीच होती की निकालाची प्रत हातात पोचलीच नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय बहुतेक ठिकाणी कोर्टाच्याच आवारात असतं, तुम्ही चहा पिता त्या कँटीनपासून हाकेच्या अंतरावर. उद्या कोर्ट उघडायच्या वेळेला तिथे जा. नक्कल विभागात अर्ज द्या. निकालाची, सगळ्या साक्षींची आणि सगळ्या पंचनाम्यांची नक्कल मागा. अर्जाच्या पोचेवर शिक्का आणि तारीख आहे का, ते खिडकीवरून हलायच्या आधी बघा.